पन्नास चांदण्यांचं आवतण

पुतळी आत्याचं आणि हैबतरावाचं भांडण धोंडीने ऐकलं तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. मांडवामागे बसून हळदीचं पातेलं राखेने घासत होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि तिचं लक्ष पातेल्याकडे नव्हतं.

पुतळी आत्या म्हणजे धवलारीण. धरमतरच्या खाडीकाठी आगरी गावांत लग्न लागतं ते बाईच्या तोंडून. धवलारीण मांडवात बसते, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाते, गावोगावच्या देवांना नावं घेऊन आवतण देते, आणि सगळे देव येऊन बसले की मग नवरानवरीचे हात हातात देते. पुस्तक नाही, कागद नाही, सगळं पाठ. हैबतराव हा नवऱ्याचा मामा, मुंबईला गोदीत कामाला. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. सगळ्या वऱ्हाडात तेवढं एकच, म्हणून तो ते सारखं बघायचा.

“आत्या, ओहोटी लागंल. होड्या गालात बसल्या तर वऱ्हाड नेऊ कसा? मधला सोडा नि शेवटचा गा.”

“मधला सोडू?” आत्या म्हणाली. “अर्धे देव दारात उभे हायेत. त्यांना काय सांगू, हैबतरावाचं घड्याल पुढं पलतंय, तुमी घरा जा?”

“देवांना समजतं गो.”

“देवांना समजतं, तुलाच नाय समजत. आनि आता मना मधीच थांबवलंस ना? धवला तुटला. आता पयल्यापासून.”

आणि खरंच तिने पहिल्यापासून सुरू केलं. ओहोटी लागली, चारही होड्या गाळात बसल्या, वऱ्हाड दुसऱ्या दिवशीच्या भरतीपर्यंत तिथेच राहिलं. नवरीच्या बापाला आणखी दोन जेवणं घालावी लागली. तो आत्याला काही बोलला नाही, घड्याळाला मात्र पुष्कळ बोलला. धोंडीच्या मनात त्या दिवशी एक गोष्ट पक्की बसली: धवला मधून धरायचा नाही, आणि तुटला तर पहिल्यापासून.

पुढे आत्या गेली आणि धोंडीची धोंडुबाई धवलारीण झाली. शाळेत ती चार दिवस गेली होती. पाचव्या दिवशी मिठागरावर टोपल्या वाहायला माणूस कमी पडलं, आणि शाळा राहिली ती राहिलीच. लग्नसराईत ती धवले गायची आणि एरवी नवरा जनू याच्या आगरातलं मीठ पेणच्या गल्ल्यांतून विकायची. डोक्यावर टोपली, टोपलीत जाडं मीठ आणि मापाला एक पोचे पडलेला डबा. तो डबा इतका चेपलेला की नवीन गिऱ्हाइकाला वाटे, बाई फसवते. धोंडुबाई म्हणायची, “पोचा हाय म्हनून तर वर एक मूठ घालते.” ही वरची मूठ तिने कधी चुकवली नाही.

दर मंगळवारी तिची टोपली उतरायची ती विमलताईंच्या ओटीवर. विमलताई म्हणजे पेणच्या एका मास्तरांची बायको, आता एकटी. घराण्याची जमीन कुळांकडे गेली होती, मुलं शिकून नोकऱ्यांना लागली होती. थोरला श्रेयस अमेरिकेत. मीठ लागो न लागो, धोंडुबाईला तिथे चहा मिळायचा, आणि विमलताईंना खाडीकडच्या बातम्या.

पण पाच वर्षं विमलताई बहुतेक तिकडेच, मुलाकडे होत्या. शहाण्णव साली जानेवारीत घर उघडलेलं दिसलं म्हणून धोंडुबाई हाक मारत आत गेली, तर विमलताई माजघरात पोह्याच्या पापडांच्या गोळ्या समोर ठेवून एक पातळ पुस्तक डोळ्यांशी धरून बसलेल्या. ओठ हलत होते. गोळ्यांवर माश्या.

“पोथी का?” धोंडुबाईने विचारलं.

“पोथी कसली! परीक्षा आहे माझी. एप्रिलात. त्या देशाची नागरिक व्हायची परीक्षा. शंभर प्रश्न पाठ करायचे, त्यातले साहेब दहा-बारा विचारणार, आणि उत्तरं इंग्रजीतून द्यायची.”

धोंडुबाई भिंतीला टेकून बसली. तिला हे फार नवीन होतं. “आनि आपली कंदी घेतली व्हती गो परीक्षा?”

“आपली नाही घेत. आपण इथे जन्मलो.”

“म्हंजे जन्माला आलू तवाच पास?”

“असंच म्हण.”

“बरं झालं. घेतली असती तर माझा जनू नापास व्हता. त्याला तालुका कुठला इचारला तर मामाचा गाव सांगतो.”

विमलताई हसल्या, पण हसू लगेच विझलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्याकडे तिकडे राहायचं कार्ड होतं. मागच्या खेपेला त्या पेणला जास्त महिने राहिल्या, तर परत जाताना विमानतळावरच्या साहेबाने कार्ड उलटंपालटं करून विचारलं, बाई, तुम्ही नक्की राहता कुठे? पुन्हा असं केलंत तर कार्ड काढून घेऊ.

“पास झाले तर हवं तेव्हा इकडे राहीन, हवं तेव्हा तिकडे. नापास झाले तर एक घर सोडायचं. तिकडे अंतरा आहे, चार वर्षांची नात, माझ्याशिवाय जेवत नाही. आणि इकडे हे.” हे म्हणताना त्यांनी मास्तरांच्या फोटोकडे पाहिलं, मग विहिरीकडे, मग लोणच्याच्या बरण्यांकडे, आणि कुठलं सोडायचं ते कशाकडेच बघून त्यांना ठरवता येईना. “सातवीपर्यंत शिकले मी. तेव्हा पाठांतर येत होतं. आता सकाळी पाठ केलेलं दुपारी पापडाबरोबर वाळून जातं.”

“एक इचारा बगू मना.”

“त्यांच्या झेंड्यावर चांदण्या किती?”

“मी काय मोजाला गेलती?”

“पन्नास. आणि पट्टे तेरा.”

धोंडुबाईला हे काही पटेना. चांदण्या पन्नास आणि पट्टे तेराच, असं का? विमलताईंनी पुस्तकात बघून सांगितलं, पहिल्यांदा तेरा राज्यं होती, ती एकत्र आली, मग वाढत वाढत पन्नास झाली.

“असं असं. मूल घरं तेरा. मंग सोयरीक वाढली.” तिचं समाधान झालं. “मूल घरांचा मान ठेवला, चांगलं केलं. पुढचा इचारा.”

त्या दिवशी मीठ विकायचं राहिलंच. देशाचा मुख्य कुठे राहतो? पांढऱ्या घरात. दुसरा रंग का नाही दिला? त्याला किती वर्षांसाठी बसवतात? चार. आणि नाय उठला तर? धोंडुबाई एकेका प्रश्नाला असे तीन-तीन पोटप्रश्न विचारी. विमलताईंना पुस्तकातली तिसऱ्या पानावरची उत्तरं यायच्या आधीच ती आठव्या पानाची चौकशी करी. उठताना म्हणाली, “विमलताय, हे वाचून नाय राहाचं. ह्याला चाल लावाला पायजे.”

तिने धवल्याची चाल लावली. प्रश्न मराठीत आणि शेवटाला उत्तराचा इंग्रजी शब्द. पापड लाटता लाटता विमलताई एक ओळ सांगायच्या, धोंडुबाई ती चालीत बसवून परत द्यायची:

“निशान कुनाचं गो, रंग त्याला किती गो,
तांबडा, पांढरा, निला गो, रेड व्हाइट ब्लू गो.
चांदन्या कुनी गो मांडिल्या, किती गो मांडिल्या,
पन्नास मांडिल्या, फिफ्टी गो.”

एका मंगळवारी दहा-बारा ओळी. शेजारच्या घरात विमलताईंचे धाकटे दीर विष्णुभावजी राहायचे, कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. ते पहिल्या दिवशी कुंपणावरून डोकावून म्हणाले, “वहिनी, घरात लग्न निघालंय की काय?”

धोंडुबाईने त्यांनाच धरलं. “भाऊ, तुमी कोर्टातले. तिकडचा मुख्य मेला तर दुसरा बसतो, दुसरा मेला तर तिसरा बसतो, हे बुकात लिवलंय. आपल्या दिल्लीत मेला तर?”

“राष्ट्रपती गेले तर उपराष्ट्रपती.”

“आनि तो पन गेला तर?”

विष्णुभावजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बघून सांगतो.”

“बगा. मी मंगलवारी येते.”

मंगळवार आला की ते मागच्या दाराने बाहेर पडू लागले.

धोंडुबाईला आता हा चाळाच लागला. एसटीच्या कंडक्टरला विचार, पोस्टातल्या माणसाला विचार. गावच्या पंचायतीचा सदस्य काळुराम मिठागराच्या बांधावर भेटला, तर त्याला म्हणाली, “काल्या, तुमी पंचाईतीत जनं किती?” तो म्हणाला, “नऊ.” “किती वर्सं बसाचं?” “पाच.” “आनि करता काय?” काळुराम म्हणाला, “काकी, हे बुकात नसतं.” दोघंही हसली. पण पुढच्या ग्रामसभेला धोंडुबाई पहिल्या रांगेत जाऊन बसली. जन्मात ती पहिल्यांदाच गेली. नळाचं पाणी खालच्या आळीला का येत नाही, हे तिने विचारलं, आणि उत्तर मधूनच सुरू झालं तेव्हा म्हणाली, “पयल्यापासून सांग.”

फेब्रुवारीत तिच्या भाचीचं लग्न रोह्याला होतं. धोंडुबाई पॅसेंजरने गेली, पाटावर बसली, देवांना आवतण द्यायला लागली. गावदेव झाले, खाडीचे देव झाले, कुळाचे देव झाले, आकाशातले चंद्र-सूर्य झाले. आणि डोक्यात महिनाभर जे घोळत होतं ते जिभेवर आलं:

“या गो चांदन्यांनो या गो, पन्नासजनी या गो,
मूल घरच्या तेराजनी या गो, मांडवी बसा गो.”

ओळ तोंडातून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. देशाच्या बाहेरचं निशाण तिने मांडवात बोलावलं होतं! पण आवतण दिलं ते दिलं. मागे घ्यायचं तर धवला तोडायचा, आणि तोडला तर पहिल्यापासून. पुढ्यात वऱ्हाड भुकेलेलं. ती पुढे गात राहिली. लग्न लागल्यावर नवऱ्याची आई जवळ येऊन म्हणाली, “मावशी, चांदन्यांचं आवतन आमच्याकडं कुनी देत नाय. लय गोड वाटलं.” धोंडुबाई म्हणाली, “आमच्यात देतात,” आणि पान तोंडात घातलं, म्हणजे पुढे कुणी विचारू नये.

मार्च उजाडला तोवर विमलताईंना शंभरच्या शंभर ओळी पाठ झाल्या होत्या. विमान बावीस तारखेचं. एक दिवस विष्णुभावजींना वाटलं, आपणही काही मदत करावी. ते पुस्तक हातात घेऊन खुर्चीत बसले, साहेबासारखा आवाज काढला, आणि मधलंच एक पान उघडून विचारलं, “सिनेटर किती वर्षांसाठी निवडतात?”

विमलताईंनी डोळे मिटले. “निशाण कुणाचं गो...”

“वहिनी, निशाणाचं नाही विचारलं.”

“थांबा हो. येते तिथपर्यंत. ... चांदण्या कुणी गो मांडिल्या...”

त्या पोचेपर्यंत भावजींचा चहा निवला. उत्तर बरोबर आलं, सिक्स इयर्स. पण भावजी पुस्तक मिटत म्हणाले, “साहेबाला एवढा वेळ असेल का? तो पंधरा मिनिटांत पुढच्याला बोलावतो म्हणतात.”

मंगळवारी धोंडुबाईने टोपली उतरवली तेव्हा विमलताई ओटीवरच उभ्या होत्या. “धोंडुबाई, घात झाला. मला मधून येत नाही. ह्या ओळी सुट्या करून दे.”

“सुट्या? धवला सुटा नाय व्हत.”

“अगो, साहेब मधूनच विचारतो!”

“मंग साहेबाला सांगा, पयल्यापासून इचार.”

“तो काय तुझा व्याही आहे? त्याच्या मनात येईल ते तो विचारणार. आणि मी तुझं ऐकून ही चाल धरली. पुस्तक वाचून केलं असतं तर निदान तुटक तरी आलं असतं.”

हे धोंडुबाईला लागलं. “मी नव्हतं सांगितलं, शिका म्हनून. तुमीच पापड टाकून मागं लागल्यात. माझ्या आत्याने वऱ्हाड ठेवून घेतलं पन धवला नाय तोडला. आनि मी एका साहेबासाटी तोडू?” तिने टोपली उचलली. चहा न घेता गेली. ओटीवर सांडलेलं मीठही तिने गोळा केलं नाही.

घरी गेली तरी तिला चैन पडेना. विमलताई चुकीचं बोलल्या नव्हत्या. चाल आपणच लावली होती. ती बाई आता बावीस तारखेला जाऊन त्या साहेबापुढे बसणार, आणि निशाण कुणाचं गो म्हणत अडकणार. मग ते कार्ड, मग ते घर, ती पोर. धोंडुबाई दुसऱ्या दिवशी मिठागरावर गेली, टोपल्या वाहिल्या, जनूशी दोनदा कारण नसताना भांडली.

“तुला झालंय काय?” जनू म्हणाला. “आज गावात आवतनाला जायाचं होतं तुला. नारायनाच्या पोराचं लगीन हाय ना? गेलीस का?”

आवतणाला जायचं होतं खरं. लग्नाच्या आधी घरोघर फिरून अक्षता देऊन बोलावून यायचं, ते कामही धवलारणीकडेच असे. धोंडुबाई पदराला तांदूळ बांधून निघाली. पहिल्या घरी गेली, दुसऱ्या घरी गेली. तिसरं घर बंद होतं, म्हणून वळून सातव्याला गेली, तिथून परत चौथ्याला. सातव्या घरच्या म्हातारीने विचारलं, “लगीन कंदी?” धोंडुबाईने तारीख सांगितली. आणि तिथेच उंबऱ्यात ती थबकली.

मांडवातलं आवतण पहिल्यापासून लागतं. घरोघरचं कुठे लागतं? ज्या दारात उभं राहावं त्या दाराचंच बोलावं, तेवढंच आणि पुरं. त्याला तुटलं कुणी म्हणत नाही.

ती मंगळवारची वाट न बघता गुरुवारीच पेणला आली, टोपली न घेता. विमलताई पुस्तक घेऊन बसल्या होत्या, चेहरा उतरलेला.

“उठा,” धोंडुबाई म्हणाली. “पदरात तांदूल घ्या. आपल्याला आवतनाला जायाचंय.”

“कुणाच्या लग्नाचं?”

“तुमच्या परीक्षेचं.”

त्या दिवसापासून पंधरा दिवस दोघी गल्लीत फिरल्या. एकेका दाराला एकेक ओळ. न्हाव्याच्या दुकानापाशी सिनेटर, सिक्स इयर्स. कारण न्हावी सहा वर्षं झाली तरी दुकानाची पाटी रंगवतो रंगवतो म्हणत होता. गणपतीच्या कारखान्यात फळीवर नऊ मूर्ती बिनरंगाच्या ठेवलेल्या, तिथे सर्वांत मोठ्या कोर्टाचे न्यायाधीश, नाइन. पिठाच्या गिरणीपाशी कायदा कोण करतं ते, कारण तिथे नुसताच आवाज. शंभर दारं एका गल्लीत पुरेनात, म्हणून बाजारपेठेपर्यंत जावं लागलं. विमलताई दारात उभ्या राहून तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या आणि दोन दाणे उंबऱ्यावर टाकायच्या. गल्लीतल्या बायकांना वाटलं, बाई परदेशी जाते म्हणून काही नवस असेल. एकीने तर हळदकुंकू आणून लावलं.

मग धोंडुबाई परीक्षा घ्यायची. ओटीवर बसून म्हणायची, “जा, गिरनीत जा. आता मागं फिरा, न्हाव्याकडं या.” विमलताई डोळे मिटून जायच्या आणि यायच्या. कुठूनही कुठेही.

बावीस तारखेला विमलताई गेल्या. जाताना धोंडुबाईने चिंधीत बांधून मूठभर मीठ दिलं. “साहेबाच्या पुढ्यात बसाल तवा मुठीत धरा. गल्ली आठवंल.”

मे महिन्यात पत्र आलं. विष्णुभावजींनी ओटीवर बसून वाचून दाखवलं. साहेब तरणा होता. त्याने सुरुवातीला निशाणाचं विचारलंच नाही. एकदम न्यायाधीश किती विचारले. ‘मी कारखान्यात गेले,’ विमलताईंनी लिहिलं होतं, ‘नऊही गणपती जागच्या जागी होते. मग तो मला न्हाव्याकडे घेऊन गेला, तिथून गिरणीत. दहा विचारले, दहा आले. शेवटी एक वाक्य लिहायला सांगितलं, तेही लिहिलं. धोंडुबाईला सांगा, पास झाले. आणि सांगा, मूठ घामाने ओली झाली, मीठ विरघळलं.’

धोंडुबाईने पत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग म्हणाली, “भाऊ, आपल्या दिल्लीचं बगितलंत का?”

“बघतो,” म्हणत विष्णुभावजी उठले.

विमलताई त्यानंतर दर थंडीत येऊ लागल्या. पहिल्या वर्षी त्यांनी तिकडचा निळा पासपोर्ट दाखवला आणि त्याच्यातला व्हिसाचा शिक्का. स्वतःच्या घरी यायला आता त्यांना इकडच्या सरकारची परवानगी लागत होती. धोंडुबाईने तो शिक्का बोटाने चाचपून पाहिला. “म्हंजे आता तुमाला आमी आवतन द्याचं?”

“हो गो. तुम्ही बोलावलं तर मी येणार.”

“मंग दर साल देते.” आणि ती देत राहिली. नोव्हेंबर लागला की त्या बंद घराच्या उंबऱ्यावर दोन दाणे टाकून जायची.

नव्याण्णव सालच्या डिसेंबरात एका रविवारी धोंडुबाई रोह्याला लग्न लावून आली. पन्नास चांदण्यांना आवतण दिलं. आता ती ओळ रोह्याकडच्या दोन धवलारणींनीही उचलली होती, आणि त्या सांगत, ही आमच्या आजीची. मंगळवारी नेहमीसारखी पेणला आली. विमलताईंच्या ओटीवर टोपली उतरवली. विष्णुभावजी या वेळी मागच्या दाराने गेले नाहीत, कुंपणापाशी वाट बघत उभे होते.

“धोंडुबाई, सापडलं. अलिबागच्या वाचनालयात जाऊन बघून आलो. राष्ट्रपती नाहीत, उपराष्ट्रपती नाहीत, तर सरन्यायाधीश बसतात. सगळ्यात मोठ्या कोर्टाचे.”

“हां,” धोंडुबाई म्हणाली. तिला थोडा दम लागला होता. “म्हंजे कारखान्यातल्या गनपतींपैकी पयला.” तिने जरा विचार केला. “आनि तो पन नसला तर?”

भावजींनी चष्मा काढला. विमलताई हसून चहा ठेवायला आत गेल्या.

चहा पिऊन धोंडुबाईने डब्याने मीठ मापलं, वर एक मूठ घातली. चुंबळ डोक्यावर ठेवली, विमलताईंनी टोपलीला हात लावला. “येते गो,” म्हणून ती पायऱ्या उतरली. न्हाव्याच्या दुकानावर नवी पाटी लागली होती, तरी तिथून जाताना ती सवयीने पुटपुटली, सिक्स इयर्स. कारखान्यापाशी, नाइन. गिरणीत दळणाचा आवाज चालू होता. तिथल्या बाईने हाक मारली तशी ती थांबली, टोपली उतरवली, डबा भरला, आणि वर एक मूठ घातली. तो तिचा शेवटचा मंगळवार; पुढचा यायच्या आत ती गेली.